काल्याच्या कीर्तनाचा लॅपटॉप

"ताई, हात काढा खालून. भाजेल आणि नाव माझ्या दुकानाचं खराब होईल," चंदरशेठ म्हणाला.

तुळशीने हात काढला नाही. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या त्या चिंचोळ्या दुकानात, काउंटरवर दोन जुने लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते आणि ती दोघांच्या पोटाखाली एकेक तळवा घालून उभी होती. घरात दोन लेकरं तापाने पडली की आई दोघांच्या कपाळांवर हात ठेवून पाहते, तशी. डावा तळवा सुखात होता. उजव्याला मात्र आता खरंच चटका बसायला लागला होता.

"हा उजवीकडचा एवढा तापतो कशाने?"

"पावरफुल है ना! पेंटियम फोर, टू पॉइंट एट. घोडा है घोडा. हा डावीकडचा पेंटियम एम, वन पॉइंट सिक्स. सीधासाधा आहे बिचारा. तुम्ही आकडा बघा ना ताई. दोन पॉइंट आठ मोठा, की एक पॉइंट सहा?"

"आकडा मोठाच आहे. पण आकडा कशाचा?"

चंदरशेठने गळ्यातली सोन्याची साखळी उगाच सरळ केली. दुकानात आलेली माणसं किंमत विचारत, वॉरंटी विचारत, बॅग फुकट मिळेल का विचारत. आकडा कशाचा, हे कोणी विचारत नसे. "गिगाहर्ट्झ," तो म्हणाला. "म्हणजे आत घड्याळ असतं. ते एका सेकंदात किती वेळा टकटक करतं, त्याचा आकडा."

"आणि एका टकटकीत काम किती होतं? दोघांचं सारखंच होतं का?"

"ताई," चंदरशेठ हात जोडून म्हणाला, "साईं तुमचं भलं करो, तुम्ही लग्नाच्या पत्रिका छापता ना? की वकिली पण करता?"

तुळशी हसली. तिचं अंबरनाथला, शिवमंदिराकडे वळणाऱ्या रस्त्यावर डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सप्ताहाची हँडबिलं. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा तिने ते उभं केलं आणि गेली काही वर्षं घर त्यावरच चाललं होतं. लॅपटॉप आज ना उद्या दुकानाला लागणारच होता. लोडशेडिंगने अर्धा दिवस कॉम्प्युटर नुसता शोभेचा झाला होता. पण आजची घाई दुकानासाठी नव्हती.

घाई तिच्या बाबांसाठी होती.

चामटोलीचे बुधाजीबाबा म्हणजे त्या पट्ट्यातले जुने कीर्तनकार. उभा जन्म कंपनीत पाळ्या केल्या आणि पाळी सुटली की अंगावर धोतर-उपरणं चढवून बदलापूर, बेलवली, वांगणी, जिथून बोलावणं येईल तिथे कीर्तनाला उभे राहिले. बिदागी कधी ठरवली नाही. तुळशी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची आणि भर कीर्तनात उठून विचारायची, "बाबा, मग त्या राजाच्या घोड्याचं काय झालं?" लोक हसायचे. बाबा मात्र कीर्तन थांबवून घोड्याचं काय झालं ते सांगायचे.

त्या बाबांच्या घशात गाठ निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख गावच्या सप्ताहानंतरची मिळाली, म्हणजे सप्ताहाच्या शेवटी होणारं काल्याचं कीर्तन बाबांना करता येणार होतं. तेही एका अटीवर: तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. घसा जेवढा शिल्लक आहे तेवढा त्या एका सकाळसाठी राखायचा.

आणि इतक्या वर्षांत बाबांचं एकही कीर्तन कोणी टिपून ठेवलं नव्हतं. एकदा तुळशीच्या भावाने, अल्पेशने, टेपरेकॉर्डर नेला होता. ऐन रंगात कॅसेटची बाजू संपली, ती उलटी करेपर्यंत देवाच्या तोंडचं वाक्य अर्ध्यात तुटलं. घरी ते ऐकून बाबा एवढे कष्टी झाले की पुन्हा म्हणून त्यांनी यंत्र जवळ येऊ दिलं नाही. "माणूस मधीच उठून गेलेला चालतं," ते म्हणाले होते, "देवाचा बोलणा मधीच तोडाचा नाय." यंदा त्यांनी होकार दिला होता तो हाताच्या एका खुणेने. दोन बोटं कात्रीसारखी मिटून त्यांनी मान हलवली होती. तुटता कामा नये.

म्हणून तुळशी विचारत होती, आकडा कशाचा.

तिने पर्समधून सीडी काढली. एका गिऱ्हाइकाच्या सप्ताहातलं कीर्तन होतं, सबंध दोन तासांचं. "हे दोघांनाही आवळायला द्या. एमपीथ्री करायला. एकदमच चालू करा हं, शर्यतीसारखं."

चंदरशेठला आता मजा वाटू लागली होती. त्याने दोन्ही बाजूंना सीडीतला आवाज उतरवून घेतला आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणं दाबली. पडद्यांवरच्या निळ्या पट्ट्या सरकू लागल्या. उजवीकडचा घरघरत, गरम फुंकर टाकत निघाला. डावीकडच्याचा पंखा सुरू आहे की नाही, हे कान लावून पाहावं लागत होतं.

पेंटियम फोर आधी पोचला. पण कितीसा आधी? एका पंगतीला बसलेल्या दोघांतला एक उठावा आणि दुसऱ्याच्या पानात शेवटचा ताकभात तेवढा उरलेला असावा, इतकाच.

"जीत गया!" चंदरशेठने टाळी वाजवली. "बोललो ना, आकडा."

"आकड्याच्या मानाने तो फार पुढे असायला हवा होता," तुळशी पट्ट्यांकडे बघत म्हणाली. "दुसरा जवळजवळ अर्ध्याच वेळा टकटक करतो म्हणता, आणि एवढा जवळ आला? म्हणजे त्याच्या एका टकटकीत जास्त काम होतं."

चंदरशेठ काही बोलणार, तेवढ्यात दुकानातले दिवे गेले. बाहेर गल्लीतून ओळीने जनरेटर खेचल्याचे आवाज आले. उल्हासनगरला त्याचं नवल नव्हतं. दोन्ही लॅपटॉप मात्र तसेच उजळलेले होते. बॅटरीवर गेले होते.

"आता पुन्हा लावा," तुळशी म्हणाली.

"अब? अंधेरे में?"

"बाबांचं कीर्तन सकाळचं आहे. चामटोलीत सकाळी वीज नसते. मला अंधारातलाच घोडा बघायचाय."

पुन्हा पट्ट्या निघाल्या. या वेळी थोड्याच वेळात चंदरशेठच्या भुवया वर चढल्या. पेंटियम फोर मागे पडत होता. डावीकडचा सीधासाधा, मघाच्याच चालीने, पुढे निघून गेला, पोचला, थांबला. आणि उजवीकडचा अजून वाटेतच धापा टाकत होता.

"हे काय झालं?"

"वो... बॅटरीवर आला की तो स्वतःच चाल कमी करतो," चंदरशेठ जरा ओशाळून म्हणाला. "नाही तर बॅटरी घटाघट पिऊन टाकेल."

चाल कमी करूनही तो टिकला नाही. पट्टी पुरी होण्याआधी पडद्यावर इशारा आला आणि पाठोपाठ पडदा काळा झाला.

दुसऱ्या कोणी तिथेच निकाल लावला असता. तुळशी मात्र काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली. "याची बॅटरीच म्हातारी असेल तर? बिचाऱ्यावर उगाच आळ यायचा. दोघांना भूक किती, हे बघायचं तर ताटं सारखी वाढायला हवीत ना?"

चंदरशेठने खाली वाकून खणातून पेंटियम फोरच्या मापाची नवी बॅटरी काढली. "ताई, दोन्ही घेऊन जा. घरी नेऊन ताटं वाढा. जो पास होईल तो ठेवा, दुसरा आणून द्या."

"असे कसे देता? मी परत आलेच नाही तर?"

"माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका तुम्ही छापली होती. तिच्या सासऱ्यांचं नाव आम्हीच चुकीचं दिलं होतं, तुम्ही फोन करून विचारलंत म्हणून वाचलो. नाही तर मांडवातच झगडा होता." तो बॅगा भरू लागला. "आणि मला पण बघायचंय, ये छोटा कितना चलता है. धंद्यात एवढी वर्षं झाली, मी कधी लावूनच पाहिलं नाही."

चामटोलीच्या घरात ओटीवर दोन्ही लॅपटॉप मांडले तेव्हा शेजारची वेणूबाई ताक घेऊन आलेली ती तिथेच बसली. वेणूबाई गावच्या बायकांच्या भजनी मंडळाची प्रमुख. आवाज खणखणीत, जीभ त्याहून.

"काय गो तुळशी, दोन दोन कशाला? एकात बापूस आणि एकात आवस भरणार काय?"

"पारखायला आणलेत, वेणूकाकी."

"आमच्या वेळेला पोरी नवरा पण पारखत नव्हत्या."

बाबा कोपऱ्यात घोंगडीवर बसले होते. मौन चालू होतं, पण डोळे गप्प बसत नव्हते. ते सरकत सरकत पुढे आले, एका लॅपटॉपवर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. पेंटियम फोरवरून हात झटकन उचलला आणि तुळशीकडे बघून भुवई उडवली. हा असा का?

तुळशीने चंदरशेठच्या दुकानात घडलेलं सगळं सांगितलं. टकटक, शर्यत, गेलेली वीज, मागे पडलेला घोडा. बाबा पुराण ऐकावं तसे ऐकत होते. मध्येच त्यांनी तोंड उघडलं, "म्हंजे त्याला—"

"बाबा! मौन!"

बाबांनी अपराध्यासारखं तोंडावर उपरणं धरलं. वेणूबाई खो खो हसली. "डॉक्टरानी याच्या तोंडाला टाका घालाला पायजे होता."

अल्पेश एमआयडीसीतून पाळी करून आला, त्याने बूट काढता काढताच निकाल दिला. "मोठ्या आकड्यावाला ठेव. उद्या मांडवात लोकं विचारतील ना, कितीचा हाय म्हणून. मी काय सांगू, एक पॉइंट सहा? इज्जत का सवाल हाय यार ताई."

"सांग, थंड आहे."

"थंड म्हणून काय, सरबत हाय काय तो?"

पेंटियम फोरला नवी बॅटरी घालून दोघं पुन्हा धावले. मोठा या वेळी जास्त टिकला, हे तुळशीने मोकळेपणाने कबूल केलं. दुकानातली बॅटरी खरंच म्हातारी होती. पण काल्याचं कीर्तन जेवढं चालतं त्याच्या निम्म्यालाच तो विझला. लहाना, आपल्या जुन्याच बॅटरीवर, सबंध कीर्तनाएवढा वेळ चालून वर अल्पेशचं जेवण होईपर्यंत जागा होता.

तरी तुळशीची शंका फिटेना. कीर्तन आवळणं हे एक काम, कीर्तन टिपणं दुसरं. टिपताना यंत्राला कष्ट थोडे. मग तेवढ्या थोड्या कष्टात मोठाही पुरेल कदाचित? तिने माईक लावला आणि बाबांना समोर बसवलं.

"बाबा, बोलू नका. नुसते बसा."

बाबांनी हात पसरले. मग टिपणार काय?

"काही नाही. शांतता."

ही गोष्ट बाबांना फार आवडली. ते मांडी घालून, डोळे मिटून असे बसले की जणू गादीवर उभं राहण्याआधीचं ध्यान करताहेत. वेणूबाईसुद्धा गप्प राहिली, ही त्या दिवसातली मोठी गोष्ट. मग तुळशीने दोन्हींचं टिपलेलं ऐकवलं.

मोठ्याच्या टिपणात घरघर होती. लांब कुठे तरी पिठाची गिरणी चालली असावी तशी, एकसारखी, कशालाही जागा न देणारी. लहान्याच्या टिपणात आधी काहीच ऐकू आलं नाही. मग कौलांवर चिमणी उतरल्याची खरखर आली. गोठ्यात म्हशीने मान हलवली, तिची साखळी वाजली. आणि कोणाच्या तरी बांगड्या.

"माज्या!" वेणूबाई ओरडली. "ताकाचा लोटा सरकवलाव तवाच्या!"

बाबा उठले. तोंडाने काही बोलायची सोय नव्हती म्हणून त्यांनी सबंध अंगाने बोलायला सुरुवात केली. आधी ते एक कीर्तनकार झाले. छाती काढली, हात फेकले, गादीवर उड्या मारल्या, डोळे वटारले, आणि आख्यान रंगायच्या आतच कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, पाण्याचा तांब्या मागू लागले. ते कोण हे नाव न घेताही ओटीवरच्या सगळ्यांनी ओळखलं. वेणूबाई डोळ्यांना पदर लावून हसत होती. मग बाबा दुसरे कीर्तनकार झाले. हे उगाच हलेनात. एक हात जरासा उचलला, टाळकऱ्यांकडे नुसतं पाहिलं, धृपद त्यांच्यावर सोपवून आपण श्वास घेतला, पुन्हा एक पाऊल पुढे. असं बराच वेळ. थकवा नाही, घाम नाही. शेवटी त्यांनी लहान्या लॅपटॉपच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"झाला," वेणूबाई म्हणाली, "महाराजांनी जावई पसंत केला."

अल्पेश म्हणाला, "एक पॉइंट सहा," आणि कपाळाला हात लावला.

काल्याच्या सकाळी देवळापुढच्या मांडवात गाव लोटलं होतं. सात दिवस एका हातातून दुसऱ्या हातात जात खाली न टेकलेली वीणा आता बाबांच्या मागे उभी होती. वर दह्याची हंडी बांधलेली. तुळशीने लॅपटॉप गादीच्या बाजूला, खांबाला लागून एका पाटावर ठेवला, माईक जोडला, झाकण मिटलं तरी टिपणं चालू राहील अशी व्यवस्था आधीच केली होती, ती पुन्हा तपासली, झाकण मिटलं आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. वीज ठरल्याप्रमाणे गेली. मांडववाल्याचा जनरेटर चालवू नये, त्याचा आवाज येतो, असं गावानेच आपण होऊन ठरवलं होतं. ध्वनिक्षेपकाशिवाय कीर्तन, बाबांचा आवाज आहे तेवढ्यातच ऐकायचा.

बाबांनी पहिली ओळ उचलली आणि मांडव स्तब्ध झाला. आवाज बारीक होता, खरवडल्यासारखा. पण जागच्या जागी लागत होता.

तेवढ्यात तुळशीची नजर पाटाकडे गेली. कीर्तन उभं राहण्याआधीच्या गडबडीत वेणूबाई तिथे जाऊन आली होती. महाराजांचा शब्द ज्यात राहायचा ते यंत्र असं उघडं, धुळीत, लाह्या-बुक्क्यात कसं ठेवायचं? तिने त्याला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचा हार घातला आणि आपल्या घरून आणलेली जरीची जाड शाल चारी बाजूंनी नीट, अगदी बाळंत्यात गुंडाळावं तशी, त्याच्याभोवती लपेटून टाकली होती. मग नमस्कार करून ती समाधानाने येऊन तुळशीच्या मागेच बसली होती.

यंत्राला हवा लागते. पोटातली ऊब बाहेर जायला वाट लागते. ती वाट आता जरीच्या शालीने बंद केली होती. तापला की तो स्वतःला बंद करून घेणार, आणि बंद झाला की बाबांचं बोलणं जिथे असेल तिथे तुटणार.

"काकी, शाल काढायला हवी," ती मागे न बघता पुटपुटली.

"का? थंडी नाय वाजणार त्याला?"

"तो गुदमरेल."

वेणूबाईचा चेहरा पडला. "आता गो? आता कशी जाशील?"

आता कशी जाणार! पाट पलीकडे होता आणि मध्ये कीर्तन उभं होतं. कीर्तनकार आणि ऐकणारे यांच्यामधून जायचं म्हणजे देवाच्या आडवं जायचं, हे तिला चालायला येण्याआधीपासून ठाऊक होतं. बाबा बघतील. थांबतील. लहानपणी तिच्या घोड्यासाठी थांबायचे तसे आजही थांबतील, आणि त्यांच्याजवळ आज थांबायला श्वास नव्हता. तुटू नये म्हणून उठायचं आणि उठून आपणच तोडायचं!

ती बसून राहिली. नजर त्या जरीच्या गाठोड्यावर. मनात आपसूक हिशेब चालू झाला: टिपायला कष्ट थोडे, झाकण मिटलेलं, पडद्याचा खर्च नाही, चटका कधी बसला नव्हता, पंखा ऐकू येत नव्हता. पेंटियम फोर असता तर एवढ्यात गेला असता. हा किती तापला असेल? तिच्या डाव्या तळव्याला त्या दिवशीची ऊब आठवली आणि तिने मूठ मिटून धरली.

बाबा आज खरोखरच त्या ओटीवरच्या दुसऱ्या कीर्तनकारासारखे बोलत होते. दोन वाक्यं, मग टाळकऱ्यांकडे नजर. धृपद गावाने उचलायचं, तोवर ते डोळे मिटून उभे. गोकुळातल्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, तिथवर आख्यान आलं आणि बाबा थांबले. गालात हसले.

"मंडळी, माझी पोर बाजारातून दोन डबे घेऊन आली. एकाचा आकडा मोठा, एकाचा लहान. मोठ्याला मी इचारलं, कसा आहेस बाबा? तो म्हणाला, घर्रर्र!"

मांडव हसला.

"लहान्याला इचारलं, कसा आहेस? तो काय बोललाच नाय. कामात होता."

आता टाळकरीही हसायला लागले. अल्पेश सगळ्यांत मोठ्याने.

"भिंतीतली वीज होती तोवर मोठा पुढं. मग वीज गेली. आता जेवढं ज्याच्या पदरात, तेवढ्यावर चालायचं. मोठा म्हणतो, मना परवडत नाय. हळू चालला, तरी इझला." बाबांनी श्वास घेतला. कोणी खोकलंसुद्धा नाही. "आपली पण भिंतीतली वीज एक दिवस जाते, माउली. तरणेपणाची जाते. हातापायांची जाते. आवाजाची जाते. मग पदरात काय हाय ते बघायचं, आणि तेवढ्यात त्याचं नाव घ्यायचं. बारीक घ्या. पण मधी तोडू नका."

त्यांनी टाळकऱ्यांकडे पाहिलं. मृदंगावर थाप पडली आणि सगळा मांडव एकदम उठून उभा राहिला.

हंडी फुटली, दही-लाह्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या पाया पडू लागली, तेव्हा कुठे तुळशीला वाट मिळाली. तिच्याआधी वेणूबाई धावली. दोघींनी शाल सोडली. शालीच्या आतल्या घडीला ऊब होती, नुकतं दूध काढलेल्या चरवीला असते तेवढीच. तुळशीने झाकण उघडलं. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ मांडवातल्या गलक्याबरोबर उड्या मारत होती. पहिल्या ओळीपासून तिथवर, सलग.

वेणूबाईने काही न विचारता तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काल्याचा घास तिच्या तोंडात कोंबला. "रडतंस काय? खा!"

पेंटियम फोर परत द्यायला गेली तेव्हा चंदरशेठने आधी एकच विचारलं, "छोटा चला?"

"चालला. शाल पांघरून."

तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने दुकानातल्या झूलेलालच्या तसबिरीकडे बघून हात जोडले. नंतर कधी तरी तिला दिसलं, त्याच्या दुकानातल्या लॅपटॉपांवर आता आकड्याच्या चिठ्ठ्यांखाली आणखी एक चिठ्ठी होती: अंधेरे में कितना चलता है, ते.

बाबा ऑपरेशन होऊन घरी आले. गळ्याशी पांढऱ्या मलमलीचा तुकडा, त्यामागे श्वासाचं छिद्र. अंगाने उतरले होते, पण चेहरा स्वच्छ होता. पहिले काही दिवस तुळशीने लॅपटॉपचं नाव काढलं नाही. जखमेवर मीठ नको, असं तिला वाटे. शेवटी बाबांनीच एका संध्याकाळी खूण केली, दोन तळवे पुस्तकासारखे उघडून. लाव.

ओटीवर सतरंजी पसरली. शेजारच्या चारदोन बायका, अल्पेश, एक टाळकरी आले. पहिली ओळ निघाली आणि बाबांच्या भुवया वर गेल्या. एवढी वर्षं हा माणूस गावोगाव बोलला, पण त्या एका तुटक्या कॅसेटपलीकडे त्यांनी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. ते पुढे झुकले. एके ठिकाणी नाराजीने मान हलवली. इथे घाई झाली. एके ठिकाणी हात वर करून थांबायची खूण केली, मागे न्यायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि या माणसाने हे बरं सांगितलं, अशी मान डोलावली. "घर्रर्र"ला सगळे हसले. बाबाही हसले. आवाज झाला नाही, नुसते खांदे हलले आणि गळ्याशी मलमल फडफडली.

वेणूबाईला गुरांचं आटोपून यायला उशीर झाला. ओटी भरली होती. ती पायरीशीच उभी राहिली, कीर्तन चालू आहे, मधून कशी जाणार म्हणून. बाबांनी तिला पाहिलं. डोळे पुन्हा लॅपटॉपकडे वळवून ते जरा बाजूला सरकले, मांडी आवळून घेतली, आणि सतरंजीवर आपल्या शेजारी मोकळ्या झालेल्या जागेवरून हात फिरवला.